स्कॅनरचा उजेड
(माजी विद्यार्थी स्नेहमेळाव्यात केलेलं भाषण)



संयोजकांनी फोनवर सांगितलं, "प्रत्येकाने आपापल्या कामाबद्दल पंधरा मिनिटं बोलायचं. पण आम्हाला कळेल असं." यातलं दुसरं वाक्य खास माझ्यासाठी होतं, हे मला लगेच कळलं. आत्ता माझ्या आधी आपली डॉक्टर मैत्रीण गुडघ्यांबद्दल बोलली, तेव्हा अर्धं सभागृह लिहून घेत होतं. माझ्याकडे तसं उपयोगाचं काही नाही. मी हातात धरायच्या बारकोड स्कॅनरवर काम करते. शिक्षण इंजिनिअरिंगचं आणि काम सॉफ्टवेअरचं. म्हणजे स्कॅनरच्या कॅमेऱ्यातून चित्र आलं की त्यातून आकडे काढायचे, एवढंच. पण आज मी त्याच्या आधीच्या भागाबद्दल बोलणार आहे. भिंग, दिवे आणि त्यांचे कोन. आमच्याकडे त्याला नुसतं 'ऑप्टिक्स' म्हणतात. इतकी वर्षं ऑप्टिक्सवाल्यांच्या शेजारी बसून मला एक कळलंय. स्कॅनर चांगला निघणार की वाईट, हे बहुतेक वेळा चित्र माझ्या प्रोग्रामपर्यंत पोचायच्या आधीच ठरलेलं असतं. आणि ते ठरतं तेव्हा कुणाच्या तरी मनगटाचं आणि पगाराचंही थोडंफार ठरून जातं. ते कसं, ते चाकणच्या गोष्टीत येईल.

आधी साधा बारकोड. दुकानात बिस्किटाचा पुडा धरला की 'टीं' वाजतं. काळ्या रेघा उजेड गिळतात, मधल्या पांढऱ्या जागा परत पाठवतात. परत आलेला उजेड कुठे जास्त, कुठे कमी, हे मोजायचं. दुकानातल्या नेहमीच्या तेरा आकडी बारकोडमध्ये ९५ बारीक पट्ट्यांइतकी जागा असते आणि पूर्ण मापात छापला तर एक पट्टी ०.३३ मिलिमीटरची. हा आकडा लक्षात ठेवा, पुढे लागेल. सुरुवातीचे ८९० हे भारतातल्या संस्थेकडे नोंदलेल्या कंपन्यांचे. त्यावरून वस्तू भारतात तयार झाली असं मात्र सिद्ध होत नाही, हे व्हॉट्सॲपवर फॉरवर्ड करणाऱ्यांसाठी मुद्दाम सांगते. शेवटचा आकडा हा आधीच्या बारांचा ताळा असतो, म्हणजे गडबड झाली तर यंत्र गप्प बसतं, सहसा चुकीचं वाचत नाही.

आता बाई, हे तुमच्याकडे बघून बोलते. तुम्ही आम्हाला परावर्तनाचे दोन प्रकार शिकवले होते, नियमित आणि अनियमित. आरशावरून होतं ते नियमित, भिंतीवरून किंवा कागदावरून होतं ते अनियमित. परीक्षेत 'फरक स्पष्ट करा' म्हणून दोन गुणांना यायचं आणि आम्ही पाठ करून लिहून यायचो. माझा सगळा धंदा या दोन गुणांवर चालतो. स्कॅनरला अनियमित परावर्तन हवं असतं. कागदावर पडलेला उजेड सगळीकडे विखुरतो, त्यातला थोडा भिंगात येतो आणि तो रेघांची बातमी घेऊन येतो. नियमित परावर्तन झालं की स्कॅनरचा स्वतःचाच दिवा आरशात दिसावा तसा परत येतो आणि रेघा पुसून टाकतो.

आज सकाळी दारात तुमच्या गळ्यातले बिल्ले स्कॅन करायला ती दोन मुलं उभी होती, त्यांना किती कसरत करावी लागली बघितलंत ना? बिल्ले छान चकचकीत लॅमिनेट केलेत. छपाई कागदावर आणि वर आरसा. शेवटी मुलांनी बिल्ला थोडा तिरका धरायला सुरुवात केली आणि रांग सरकली. आपाती कोन आणि परावर्तन कोन समान असतात, म्हणून आरसा कलवला की चमक दुसरीकडे निघून जाते. पुढच्या वेळी मॅट लॅमिनेशन सांगा.

ही कल्पना आपण समजतो त्यापेक्षा जुनी आहे. जोसेफ वुडलँड आणि बर्नार्ड सिल्व्हर या दोघा अमेरिकनांना बारकोडचं पेटंट मिळालं १९५२ साली. वुडलँड समुद्रकिनाऱ्यावर बसला असताना त्याने मोर्स कोडचे ठिपके आणि डॅश वाळूत बोटांनी खाली ओढले, त्यातून रेघा सुचल्या, असं तो सांगत असे. कल्पना छान, पण उजेड कुठून आणायचा? त्यांनी ५०० वॅटचा बल्ब लावला. त्याच्या उष्णतेने कागदातून धूर निघायला लागला होता. लेझर आला १९६० मध्ये, आणि दुकानात पहिली वस्तू स्कॅन झाली २६ जून १९७४ रोजी, ओहायो राज्यातल्या ट्रॉय गावी. च्युइंगगमचं पाकीट होतं ते. पेटंटपासून बावीस वर्षं. इतका वेळ लागण्याची कारणं बरीच होती, पण नेमका आणि झेपेल असा उजेड नव्हता, हे त्यातलं मोठं.

लाल रंगाचंही सांगून टाकते, कारण आपल्यातल्या दोघीतिघींचे घरगुती मसाल्यांचे आणि लोणच्यांचे व्यवसाय आहेत. कित्येक स्कॅनरचा उजेड लाल असतो. लाल उजेडात लाल शाई पांढऱ्यासारखीच दिसते. त्यामुळे पांढऱ्या लेबलवर लाल बारकोड छापला की माणसाला ठसठशीत दिसतो आणि स्कॅनरला कोरा कागद. लेबल कितीही देखणं असू दे, रेघा काळ्या ठेवा.

आता भिंगाकडे येते. इथे खरी ओढाताण असते. सातवी-आठवीत आपण खोक्याचा सूचिछिद्र प्रतिमाग्राहक केला होता. नाव उच्चारताना जीभ अडखळायची, पण खोक्याच्या बटर पेपरवर समोरचं झाड उलटं दिसलं तेव्हा सगळा वर्ग ओरडला होता. त्या खोक्याची गंमत अशी की जवळचं झाड आणि लांबची इमारत, दोन्ही सारखंच स्पष्ट दिसायचं. आणि दोन्ही अंधूक दिसायचं, कारण छिद्र टाचणीएवढं, उजेड येणार कुठून?

स्कॅनरचा अख्खा पेच या खोक्यात आहे. दुकानदार पुडा भिंगापासून चार बोटांवर धरतो, गोदामातला माणूस हातभर लांबून नेम धरतो. दोन्ही अंतरांवर स्पष्ट दिसायला हवं तर भिंगाचं तोंड लहान ठेवावं लागतं. तोंडाचा व्यास निम्मा केला की उजेड एक चतुर्थांश होतो. मग तेवढंच उजळ चित्र मिळवायला चौपट वेळ थांबायचं. पण माणसाचा हात थांबत नाही. समजा हात सेकंदाला दहा सेंटिमीटर सरकतोय, ही काही फार घाई नव्हे. कॅमेरा सेकंदाच्या शंभराव्या भागाइतका उघडा राहिला तर तेवढ्यात चित्र एक मिलिमीटर सरकतं. आपली पट्टी होती ०.३३ मिलिमीटरची. म्हणजे तीन पट्ट्यांचा लगदा. तेच हजाराव्या भागात घेतलं तर सरकतं एक दशांश मिलिमीटर आणि रेघा वाचतात. तेव्हा उघडझाप झटपट हवी, त्यासाठी उजेड दणदणीत हवा, उजेड वाढवला की बॅटरी लवकर संपते, यंत्र तापतं आणि समोरच्याच्या डोळ्यांवर लकाके येतात. छिद्र फारच लहान केलं तर प्रकाश कडांशी वळून चित्र पुन्हा धूसर होतं, ते वेगळंच. एकीकडे ओढलं की दुसरीकडे उघडं पडतं, पांघरूण अपुरं. पांघरूण कुठे आखूड ठेवायचं, हे ठरवणं म्हणजे आमच्या ऑप्टिक्सवाल्यांची नोकरी.

त्यांच्या काही युक्त्या मात्र मला फार आवडतात. स्कॅनरच्या तोंडावरची काच बघा, ती सरळ नसते, जरा कललेली बसवतात. का, तर आतल्या दिव्यांचा उजेड त्याच काचेवरून परत भिंगात येऊ नये. दुसरी युक्ती नेम धरायच्या लाल ठिपक्याची. तो ठिपका टाकणारा लेझर भिंगाच्या शेजारी असतो, नेमका मध्ये नसतो. त्यामुळे वस्तू जवळ आली की ठिपका चित्रात एका बाजूला सरकतो, लांब गेली की मध्याकडे येतो. ठिपका कुठे दिसतो यावरून अंतर काढता येतं! ते गणित माझ्या प्रोग्रामचं. अंतर कळलं की दिवा किती पेटवायचा तेही ठरवता येतं. एक डोळा मिटून सुईत दोरा ओवून बघा, एकाच जागेवरून अंतर कळणं किती अवघड असतं ते लक्षात येईल.

आता चाकण.

चाकण, भोसरी, तळेगाव या पट्ट्यात गाड्यांचे सुटे भाग बनवणारे किती कारखाने आहेत हे तुम्हाला सांगायला नको, आपल्या वर्गातले निम्मे मुलगे कधी ना कधी तिथल्या बसने गेलेत. तिथे हल्ली भागाभागावर स्वतंत्र खूण करतात. एखाद्या भागात दोष निघाला तर तो कुठल्या दिवशी, कुठल्या यंत्रावर, कुठल्या तुकडीतल्या पोलादातून झाला हे शोधता यावं म्हणून. २०१९ च्या मोटार वाहन सुधारणा कायद्याने सदोष गाड्या परत मागवण्याची तरतूद आली, तेव्हापासून या खुणांचं महत्त्व आणखी वाढलं. खूण सापडली तर नेमक्या तेवढ्याच गाड्या परत बोलवता येतात. नाहीतर सरसकट सगळ्या.

पण इंजिनातल्या भागावर कागद चिकटवून चालत नाही. तेलात आणि उष्णतेत तो टिकणार नाही. म्हणून कठीण टोकाची एक सुई धातूवर टकाटक आपटत जाते आणि खड्ड्यांचा एक छोटा चौकोन उमटवते. त्याला डेटा मॅट्रिक्स म्हणतात. दोन बाजूंना सलग ठिपक्यांची एल आकाराची कड आणि आत माहिती. यात शाई नाही. काळं नाही, पांढरंही नाही. धातूवर धातूचेच खड्डे. वरून घासलेला, तेलकट, गोलसर पृष्ठभाग. म्हणजे बाईंच्या भाषेत पूर्ण नियमित परावर्तन.

अशा एका कारखान्यातून तक्रार आली की आमचा स्कॅनर वाचत नाही. आमच्याकडे आधी त्यांनी पाठवलेली नोंदवही आली. नोंदवहीत 'स्कॅन झाला नाही' या रकान्यापुढे कारणाचा रकाना होता आणि त्यात पानंच्या पानं एकच शब्द, 'ऑपरेटर'. म्हणजे धरणाऱ्याने नीट धरला नाही. तपासणीच्या त्या टेबलावर सगळ्या बायका होत्या आणि या नोंदी त्यांच्या महिन्याच्या इन्सेंटिव्हमधून वजा होत होत्या.

आम्ही दोघी गेलो, मी आणि आमची ऑप्टिक्सवाली. टेबलावरच्या ताईंना मी म्हटलं, "ताई, तुम्ही नेहमी करता तसंच करा, आम्ही नुसतं बघतो." त्यांनी उजव्या हातात स्कॅनर धरला, मनगट आत वळवलं, कोपर वर उचलला, डाव्या हाताने कनेक्टिंग रॉड थोडा फिरवला आणि खांदा पुढे आणून वरच्या ट्यूबलाइटचा उजेड अडवला. टीं. पुन्हा पुढचा भाग, पुन्हा तोच नाच. शिफ्टभर. मनगटाला क्रेप बँडेज होतंच. मी विचारलं, असं का धरता, तर म्हणाल्या, "मॅडम, याला उजेड सोसत नाही. ट्यूबकडे पाठ केली की वाचतो."

एवढ्या एका वाक्यात सगळं निदान होतं. 'नीट धरत नाहीत' असं ज्यांच्याबद्दल लिहिलं होतं, त्या बाईंनी स्कॅनरचा दोष अंगाने भरून काढायला शिकून घेतलं होतं. जे भाग वाचत होते ते त्यांच्यामुळे वाचत होते. नोंदवहीत मात्र न वाचलेलेच तेवढे त्यांच्या नावावर होते.

स्कॅनरच्या आतली चित्रं आम्ही काढून पाहिली. चित्रातल्या प्रत्येक बिंदूला ० ते २५५ मधला आकडा असतो, ० म्हणजे काळाकुट्ट आणि २५५ म्हणजे ठार पांढरं. चौकोनाच्या जागी नुसते २५५ च्या शेजारी २५५. तिथे सॉफ्टवेअर काय करणार? अस्पष्ट अक्षर असेल तर खटपट करून लावता येतं, पाटी कोरीच असेल तर नाही.

उपाय उजेडाच्या कोनात होता. आपल्या शाळेचं मैदान आठवा. दुपारी बारा वाजता ते सपाट दिसायचं. सकाळच्या प्रार्थनेच्या वेळी ऊन तिरपं असलं की प्रत्येक खड्ड्याला, खड्याला लांब सावली यायची आणि मैदान खरं कसं आहे ते दिसायचं. किल्ल्यांवर झिजलेले शिलालेख वाचणारे लोकही हेच करतात, बाजूने तिरपा उजेड टाकतात, की अक्षरं उठून येतात. सुईच्या खड्ड्यांचंही तसंच. दिवे भिंगाच्या शेजारी न ठेवता स्कॅनरच्या तोंडाच्या कडेला, अगदी खाली, जवळपास आडवे लावले. आता सपाट धातूवरून उजेड आरशासारखा पलीकडे निघून जातो, भिंगात येतच नाही, म्हणून धातू काळा दिसतो. खड्ड्याच्या उताराला लागलेला उजेड तेवढा वर वळतो, म्हणून ठिपके चमकतात. चमक हीच अडचण होती, तिच्याकडूनच काम करून घेतलं.

अर्थात गोलसर भागावर एवढ्याने भागत नाही. तिथे उलट ढगाळ दिवसासारखा, सगळीकडून येणारा मऊ उजेड लागतो, त्यासाठी दिव्यांपुढे दुधी पडदा घालावा लागतो. मग दोन्ही ठेवले. एका चित्राला तिरपा, दुसऱ्याला मऊ, आलटून पालटून. ज्या उजेडात वाचलं त्याने पुढच्या भागाची सुरुवात करायची, कारण एका टेबलावर सहसा एकाच जातीचे भाग येतात. हा निवडीचा भाग मी लिहिला. दिव्यांची उघडझाप डोळ्यांना टोचू नये एवढी जलद ठेवायला ऑप्टिक्सवालीने भाग पाडलं, आणि तिचं बरोबर होतं. आठ तास ते लुकलुकणं समोर ठेवून बसायला आपण तयार होऊ का?

दुसरी गोष्ट आम्ही केली ती कुणी मागितली नव्हती. वाचलं गेलं नाही की स्कॅनर ते चित्र जपून ठेवतो आणि जमेल तेवढं कारणही लिहितो. चमक, अंतर, हालचाल, किंवा खूणच नीट उमटलेली नाही. या शेवटच्या कारणाने कारखान्यात चांगलीच खळबळ झाली, कारण बऱ्याच चित्रांत सुईचं टोक झिजलेलं स्पष्ट दिसत होतं. म्हणजे चूक तपासणीच्या टेबलावर नव्हतीच, दोन खोल्या आधी होती. नोंदवहीतला 'ऑपरेटर' हा रकाना काढून टाका असं आम्ही म्हटलं. त्यांनी काढला नाही. फॉरमॅट वरून ठरतो म्हणाले. पण आता प्रत्येक नोंदीला चित्र जोडलेलं असतं आणि इन्सेंटिव्ह कापायच्या आधी ते बघावं लागतं. वजा केलेले जुने पैसे परत मिळाले का, ते मी ताईंना विचारलं होतं. थोडे मिळाले, सगळे नाही. बँडेजही लगेच सुटलं नाही. कोपर मात्र खाली आला, तो मी पाहिला.

हे ऐकून तुम्हाला वाटेल की कामगाराच्या हाताचा विचार ही नवीन टूम आहे. वडापावच्या गाडीवर जो क्यूआर कोड लावलेला असतो, तो मुळात पैशांसाठी नव्हता. तो १९९४ साली जपानमध्ये डेन्सो या गाड्यांच्या सुट्या भागांच्या उद्योगात तयार झाला. तिथे एकेका खोक्यावर अनेक बारकोड असायचे आणि कामगार ते दिवसभर एकेक करून वाचत बसायचे, थकायचे. एकाच चौकोनात सगळं मावावं आणि कसाही धरला तरी वाचावा, अशी मासाहिरो हारा यांची खटपट होती. तीन कोपऱ्यांतले ते मोठे चौकोन त्यासाठीच असतात, उलटा आहे की आडवा हे यंत्राला चटकन कळावं म्हणून. म्हणजे 'माणसाने नीट धरावं' ही अट काढून टाकण्यासाठीच तो जन्माला आला.

आणि आपल्या मेट्रोचं फाटक. २०२२ च्या मार्चमध्ये वनाज ते गरवारे कॉलेज मेट्रो सुरू झाली, तेव्हा हौसेने तिकीट मोबाइलवर काढून गेलेले बरेच जण इथे असतील. मोबाइलचा पडदा ही वेगळी जात. तो स्वतःच उजेड देतो, त्यावर बाहेरून उजेड टाकला तर वरच्या काचेची चमक तेवढी मिळते. जुन्या लेझर स्कॅनरना मोबाइलवरचा कोड वाचता येत नसे तो याच कारणाने. आता कॅमेरा असतो आणि पडदा समोर आला तर दिवा आवरता घ्यावा लागतो. त्यामुळे फाटकावर अडलात तर मोबाइल काचेवर दाबून घासू नका. पडद्याचा उजेड वाढवा आणि चार बोटं वर धरा. मागचे लोक दुवा देतील.

संयोजक घड्याळ दाखवतायत. मी एक स्कॅनर आणि तसाच एक कनेक्टिंग रॉड बरोबर आणलाय, मागच्या टेबलावर ठेवते. चहाच्या वेळी या. स्कॅनरला दोन बटणं लावून घेतलीत. पहिल्याने दिवे भिंगाशेजारचे लागतात, शेजारच्या लॅपटॉपवर बघा, चौकोन दिसणार नाही, पांढरा डाग दिसेल. दुसऱ्याने तिरपे लागतात. बाई, पहिला नंबर तुमचा. आणि त्या टेबलावरची ट्यूब कृपा करून कुणी बंद करू नका, ती चालू असतानाच वाचायला हवं.